तीन कामे, एक सडा

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. जी. डी. आर्ट आणि ए. टी. डी. या कलेच्या पदविका झाल्या आहेत, वय छत्तीस. शाळेच्या मागे जांभ्याचा मोठा सडा, म्हणजे लाल दगडाचे उघडे पठार आहे. पावसाळ्यात तो फुलांनी भरून जातो आणि उन्हाळ्यात त्याच्या कडेने चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढण्याच्या खाणी, पुढे सरकत राहतात. गेली काही वर्षे मी याच सड्याची चित्रे काढते आहे. गावातील तरुणांनी सडा वाचवण्यासाठी मोहीम सुरू केली असून त्यांना माझ्याकडून आणि माझ्या विद्यार्थ्यांकडून फलक रंगवून हवे आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेला या भानगडीत ओढू नका. मुंबईतले चित्रकार मित्र म्हणतात, तुझी चित्रे आता पोस्टर होऊ लागली आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ या कामाला वाहून घ्यावे, की पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा मुंबईला जावे, की गप्प बसून वर्ग घ्यावेत? तीन दगडांवर पाय ठेवून उभी आहे असे वाटते. आणखी एक. माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलाचे वडील चिरेखाणीवर कटर मशीन चालवतात. त्याच्याकडून ‘सडा वाचवा’ असे कसे लिहून घेऊ?
– एक कलाशिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही जाता जाता, ‘आणखी एक’ म्हणून जो प्रश्न लिहिला आहे, तोच तुमच्या पत्रातील खरा प्रश्न आहे असे मला वाटते. नोकरी, पदवी, मोहीम आणि मित्रांचे टोमणे यांची उत्तरे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून त्या मुलापासून सुरुवात करतो.

त्याच्याकडून ‘सडा वाचवा’ असे लिहून घेऊ नका. त्याच्याकडूनच कशाला, वर्गातील कोणाकडूनही घेऊ नका. चित्रकलेच्या तासाला मोहिमेचे घोषवाक्य लिहायला लावले, तर शिक्षकांचे मत सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे एवढेच त्या तासात शिकवले जाते. शिवाय ज्या घरात चिऱ्याच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला आपण चाळीस जणांच्या देखत बापाविरुद्ध उभे करतो. याउलट त्याच मुलाला खाणीवरचे मशीन स्मरणचित्रात काढायला सांगून पाहा. पात्याचा दात कुठल्या बाजूला वळलेला असतो, उभा आणि आडवा काप कसा बसतो, चिरे निघाल्यावर भिंतीवर पायऱ्यांसारख्या रेषा कशा उरतात, धुळीने माणसाच्या भुवया कोणत्या रंगाच्या होतात, हे त्याला ठाऊक असते, तुम्हाला आणि मला नसते. ते चित्र सड्याच्या बाजूचे किंवा खाणीच्या बाजूचे असणार नाही, ते सड्याविषयी खरे असेल. सड्यावर काय चालले आहे ते नीट पाहता येणे, हीच चित्रे, शिकवणे आणि मोहीम या तुमच्या तिन्ही कामांची एकत्र येण्याची जागा आहे, आणि ती तुमच्या वर्गात आधीपासूनच आहे.

या निमित्ताने थोडे कटू बोलतो. दरवर्षी ५ जूनला आपल्या शाळाशाळांतून ज्या पर्यावरण चित्रस्पर्धा होतात, त्यांतील चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. अर्धी हिरवी आणि अर्धी तडे गेलेली पृथ्वी, तिला डोळे, डोळ्यांतून अश्रू, शेजारी एक कुऱ्हाड आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. मुलांनी ही पृथ्वी कुठे पाहिलेली असते? गेल्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या चित्रात. ज्या मुलाच्या घरामागे ऑगस्टमध्ये सीतेची आसवे फुललेली असतात, तो मुलगा त्या दिवशी रडणारी पृथ्वी काढतो आणि बक्षीस घेऊन घरी जातो. गंमत अशी की सड्याच्या बाबतीत तर ते घोषवाक्यही चुकीचे आहे. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर पातळ असतो, काही ठिकाणी नसतोच, आणि तेथील वनस्पतींचे जगणे त्या उघड्या कातळाशी व पावसाळी डबक्यांशीच जुळलेले असते. तेथे खड्डे पाडून, बाहेरची माती आणून झाडे लावली, तर ज्यांचे घर तेच आहे त्या गेंद, दवबिंदू, दिपकाडी या सड्यावरच्या वनस्पतींची जागा जाते. सरकारी कागदांवर अशा जमिनी वर्षानुवर्षे पडीक म्हणून लागत आल्या, त्यामागे आणि हौसेच्या वृक्षारोपणामागे नजर एकच आहे. जेथे झाड नाही तेथे काहीच नाही, असे ती मानते. ही नजर बदलणे हे चित्रकाराचे काम आहे, आणि ते फलकाने होणार नाही.

आता नोकरीविषयी. ती सोडू नका. पूर्णवेळ चळवळीला वाहून घेण्याच्या कल्पनेला एक तेज असते हे मान्य, परंतु दरमहा येणारा पगार ज्याच्यापाशी आहे, त्यालाच कोणाच्या अनुदानाशिवाय आणि कोणाच्या सोयीने विषय न बदलता दहा-पंधरा वर्षे एका जागेची चित्रे काढत राहता येते. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलेस यांचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवते. १९७७ साली त्या शहराच्या सफाई खात्यात निवासी कलावंत झाल्या. १९७९-८० मध्ये शहरभर फिरून त्यांनी सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन केले आणि प्रत्येकाचे आभार मानले, हीच त्यांची कलाकृती होती. कचरा ही पर्यावरणाची गोष्ट आहे आणि ती उचलणाऱ्या माणसाला वगळून तिच्याविषयी बोलता येत नाही, हे त्यांनी त्यातून दाखवले. त्यानंतर कित्येक दशके त्या त्याच खात्याशी जोडलेल्या राहिल्या. ही नेमणूक बिनपगारी होती, हेही लक्षात ठेवा. एका जागी टिकून राहणे हेच अशा कामाचे भांडवल असते, आणि तुमच्याकडे ते पगारासह आहे. दर जूनला त्याच पाच-सहा गावांतील नवी मुले तुमच्यासमोर येऊन बसतात, ही सोय कुठल्याही कलादालनाला उपलब्ध नाही.

पदव्युत्तर शिक्षणाला माझा विरोध नाही. ते रजा मिळत असेल तर आणि कामाला दिशा सापडल्यानंतर करावे, दिशा शोधण्यासाठी करू नये. एवढेच.

मित्रांच्या शेऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण त्यात तथ्य असू शकते. चित्र पोस्टर झाले म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. १९३८ साली हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून जी चित्रे केली, त्यांना आजही हरिपुरा पोस्टर्स असेच म्हणतात आणि ती आधुनिक भारतीय कलेचा ठेवा मानली जातात. ती पाहा. राजकीय अधिवेशनाच्या मांडवासाठी केलेल्या त्या चित्रांत घोषणा नाहीत. ढोल वाजवणारा, सुतार, कुंभार, घरकाम करणाऱ्या बाया अशी हाताने काम करणारी माणसे आहेत. ठसठशीत रेषा, सपाट रंग आणि कामात गुंतलेले शरीर. कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे बोसांनी मजकुरातून सांगितले नाही, चित्रविषय निवडूनच सांगितले. तेव्हा तुमची अलीकडची चित्रे समोर मांडून स्वतःला एवढेच विचारा, की त्यांतील सडा कोणत्याही जिल्ह्यातला चालला असता, की तो याच गावचा आहे? पहिले उत्तर आले तर मित्र बरोबर आहेत.

आपल्याकडे कला, शिक्षण आणि भोवतालचा परिसर यांची सांगड घालण्याची परंपरा अगदीच नवी नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथील नई तालीमच्या, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या पद्धतीच्या शाळेत कला शिकवत राहिले. शेती, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई यांच्या बरोबरीने तेथे चित्र आणि मातीकाम चालत असे, वेगळ्या कोपऱ्यातली शोभेची गोष्ट म्हणून नव्हे. अलीकडच्या काळात मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलावंतांसोबत केलेले काम तुम्ही अवश्य अभ्यासावे. हातपंपाभोवतालच्या जागा त्यांनी तेथील लोकांसोबत नव्याने घडवल्या. ‘नलपार’ हे त्या कामाचे नाव. पाणी भरून झाल्यावर हंडा डोक्यावर घेताना बाईला मध्ये टेकवायला उंचवटा लागतो, सांडलेले पाणी कुठेतरी जिरायला हवे, या गोष्टींतून तेथे शिल्पाचा आकार ठरला. मुलांसाठी त्यांनी ‘पिला गुडी’ नावाच्या जागाही उभ्या केल्या. कलावंताने गावात जाऊन आपली कल्पना उभारली, असे तेथे घडलेले नाही. गावाची गरज आणि तेथील कलावंतांचे हात यांतून वस्तू घडली. हे फार सावकाश चालणारे काम आहे, आणि त्याची छायाचित्रे पाहून ते किती सावकाश झाले असेल याचा अंदाज येत नाही.

आता तुमच्या वर्गात काय करता येईल ते सांगतो. येथे मी जरा रेंगाळणार आहे.

खाणीवर चिरे कापताना जो भुगा पडतो, तो त्या सातवीतल्या मुलाला पिशवीभर आणायला सांगा. तो खलात कुटून, जुन्या धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करा आणि बादलीभर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा. जड वाळू खाली बसते. वरचे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवा. सकाळी वरचे नितळ पाणी काढून टाकले की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ उरतो, तो सुकवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटला की रंग तयार. जांभ्याच्या जातीप्रमाणे कधी तो विटकरी येतो, कधी पिवळसर गेरूकडे झुकतो, कधी जांभळट. एकाच सड्याच्या चार कोपऱ्यांतील भुग्याचे चार पट्टे कागदावर ओढले की मुलांना सडा एकरंगी नाही हे न सांगता कळते. आपल्या सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव चढवून, ती कोरून काढलेली जी कावी चित्रे दिसतात, त्यांतील लाल रंग याच जांभ्याच्या मातीशी नाते सांगणारा आहे, हेही त्यांना दाखवता येईल. आणि ज्या मुलाला मोहिमेच्या फलकासमोर मान खाली घालावी लागली असती, तोच त्या दिवशी वर्गाला साहित्य पुरवणारा असेल. तयार रंगांविषयीही याच तासाला बोलावे. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच आहे आणि ब्रश धुतलेले पाणी मोरीवाटे ओढ्याला जाते. सड्याची चित्रे काढून त्याच्याच पऱ्ह्यात ते पाणी सोडण्यातला विरोधाभास मुले मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात. ब्रश आधी चिंधीला पुसून घ्यावा आणि पाणी डब्यात साठवून गाळ खाली बसू द्यावा, एवढी सवय लागली तरी पुरे.

दुसरे, एक चित्रवही सुरू करा. ती एकट्या मुलाची नव्हे, वर्गाची असावी, आणि दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती जावी. सड्यावरील ठरलेल्या तीन-चार जागा निवडा. एक डबके, एक भेग, खाणीची एक कड आणि वाडीतील एक विहीर असे चालेल. प्रत्येक जागेचे चित्र पहिल्या पावसानंतर, ऐन श्रावणात, दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये काढून घ्या. चित्राखाली तारीख, जागा, वनस्पतीचे गावात चालणारे नाव, ते नाव सांगणाऱ्या आजीआजोबांचे नाव त्यांच्या परवानगीने, आणि विहिरीच्या बाबतीत पाण्यापर्यंत दोरी किती लागली ते लिहावे. जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि खालच्या वाड्यांतील विहिरी व झरे त्यावर चालतात, हे पाठ करून घेण्याची गरज नाही. चार वर्षांच्या दोरीच्या मापांतून ते मुलांना स्वतः वाचता येईल, किंवा काही वेगळेच दिसेल. वेगळे दिसले तर तेही तसेच लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट तुमच्या जिल्ह्याच्याच अंगणातली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. एकामागून एक चित्रे दाखवत, वाद्यांच्या साथीने आख्यान सांगत जाण्याची ही कला आहे, आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कथा सांगत शिकवणे आणि चित्र हे एकच काम असू शकते, याचा पुरावा शोधायला तुम्हाला मुंबईला जाण्याची गरज नाही. सड्याच्या वर्षाची चित्रमालिका करून ती मुलांनी गावात सांगावी. मात्र पिंगुळीच्या शैलीची नक्कल करून तिला आपले नाव देऊ नका. तेथील कलावंताला शाळेत बोलवा, मानधन द्या, शिकून घ्या आणि मग मुलांना त्यांच्या स्वतःच्या रेषेत काढू द्या.

हे सारे झाल्यावर मोहिमेचे काय, असे तुम्ही विचाराल. मोहिमेला तुम्ही जरूर मदत करा, पण नागरिक म्हणून, स्वतःच्या नावाने आणि शाळेच्या वेळेबाहेर. अनुदानित शाळेतील सेवकांना लागू असलेली १९८१ ची सेवाशर्ती नियमावली एकदा नीट वाचून घ्या, आणि मोबदल्याचे कोणतेही बाहेरचे काम, अगदी भित्तिचित्राचे असले तरी, संस्थेची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय स्वीकारू नका. फलक रंगवून द्यायला हरकत नाही. पण त्या तरुणांना तुमच्याकडून फलकापेक्षा मोलाची गोष्ट मिळू शकते, ती त्यांना कदाचित सुचलेली नाही.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकांच्या सहभागाने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या माहितीची नोंद, तयार करणे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलेली ही कल्पना फार चांगली आहे, पण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यानंतर अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहायला मागा. तिच्यात सड्याचे पान आहे का, असल्यास त्यावर किती ओळी आहेत, ते पाहा. तुम्ही सड्यावर बसून काढलेले, मुळापासून बीजापर्यंत भाग दाखवणारे वनस्पतीचे चित्र, त्याचे गावातील नाव आणि फुलण्याचा काळ यांसह त्या नोंदवहीत समाविष्ट करण्याची विनंती समितीला करता येते. नाव तपासून घेण्यासाठी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठा. हे काम आपल्या अंदाजाने करायचे नाही. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी होते, तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि लेखी हरकत देता येते. छोट्या चिरेखाणींच्या बाबतीत मात्र बहुधा असा प्रसंगच येत नाही, आणि म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि अशा नोंदी यांचे वजन वाढते. त्या ठिकाणी ‘सडा आमची माय’ असे लिहिलेल्या फलकापेक्षा तारीख घातलेली वीस चित्रे अधिक ऐकली जातील.

मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पे तुम्ही पाहिली असतीलच. रत्नागिरी जिल्ह्यातील आणि गोव्यातील स्थळांसह ती २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर चित्रे काढणारी तुम्ही पहिली नाही, असे मोहिमेतल्या तरुणांना अधूनमधून ऐकवायला हरकत नाही. तुमच्या सड्यावरही एखादी कोरीव रेषा निघाली तर तिच्याभोवती खडूने गिरवू नका आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.

चिरेखाणीवरच्या कुटुंबांशी तुमचे काय नाते असावे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. तुमच्या शाळेच्या भिंतीही बहुधा चिऱ्याच्याच असतील. आपण सारे त्या खाणीचे गिऱ्हाईक आहोत हे मान्य करून जो बोलतो, त्याचेच बोलणे मशीन चालवणारा माणूस ऐकून घेतो. मोहिमेची मागणी ‘खाणी बंद’ अशी सरसकट आहे, की कोणता भाग राखावा, खाण किती खोल जावी, काम संपल्यावर खड्ड्याचे काय करावे अशी आहे, हे त्या तरुणांना स्पष्ट विचारा. पहिली मागणी असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर फलक रंगवण्याआधी त्यांच्याशी भांडलो असतो.

मुख्याध्यापकांना भेटायला जाताना ‘पर्यावरण’ हा शब्द मागे ठेवा आणि वर्षाचे नियोजन पुढे ठेवा. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांचे विषय आहेत. सड्यावरील फांद्या, दगड आणि शंख वस्तुचित्राला, खाण व बाजार स्मरणचित्राला, गेंदाच्या फुलाची मांडणी संकल्पचित्राला, असे लेखी लिहून न्या. सड्यावर मुलांना नेण्यासाठी पालकांची संमतिपत्रे, सोबत दुसरे एक शिक्षक आणि खाणीच्या कडेपासून दूर राहण्याची हमी, हेही त्याच कागदावर असू द्या, कारण त्यांची खरी काळजी बहुधा ती असेल. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी हे झाले, तर पहिल्या पावसानंतरचे चित्र चुकणार नाही.